नदीत कयाक चालवायचीय? तुम्ही परत परत विचारता ते सगळे प्रश्न, एकदाच (कोलाड आणि आजूबाजूचं कोकण)

नाइट शिफ्ट सुटली की मी घरी न जाता बोट टपावर बांधून नदीवर जातो, त्यामुळे पेट्रोल पंपावर, फाटकात, टपरीवर कुणी ना कुणी विचारतंच की हे काय आहे, आणि मेसेज तर विचारूच नका. तेच तेच प्रश्न असतात. म्हणून एकदाच बसून लिहिलंय, सोप्यापासून अवघडाकडे. कुठलंही उत्तर आधी वाचलंत तरी चालेल.

हे म्हणजे राफ्टिंगच ना? मी केलंय कोलाडला.

नाही हो. राफ्ट ही हवा भरलेली मोठी रबरी होडी, त्यात सात-आठ जण आणि मागे गाइड, तो "फॉरवर्ड" ओरडतो, तुम्ही मारता, आणि खरं सांगू का, तुम्ही नाही मारलंत तरी तो राफ्ट खाली नेतोच. कयाक एकट्याची असते. प्लास्टिकची, आठेक फुटांची, कमरेपर्यंत तुम्ही आत, मांड्या आतून टेकवलेल्या, पाय पुढे दाबलेले, आणि कमरेला रबराचा घट्ट स्कर्ट जो बोटीच्या तोंडावर ताणून बसवतात म्हणजे आत पाणी जात नाही. आम्ही म्हणतो बोटीत बसायचं नसतं, बोट घालायची असते, पँटसारखी. कंबर हलली की बोट हलते. पॅडलला दोन्ही टोकांना पाती असतात.

तुमच्या राफ्टच्या पुढेमागे एक रंगीत छोटी बोट फिरत होती ना, फोटोत कोपऱ्यात आली असेल बघा, तो सेफ्टी कयाकर. राफ्टमधून कुणी पडलं की उचलायला. आपल्याकडे कयाक शिकलेले बरेचसे असेच शिकलेत, त्या पोरांच्या मागे लागून.

मी तारकर्लीला कयाक चालवलीय, म्हणजे मला येतं ना?

ती वरून बसायची, रुंद, उलटली तर तुम्ही आपोआप बाहेर. संथ खाडी, कांदळवन, बगळे, झकास असतं, मीही जातो. पण तिथे पाणी थांबलेलं किंवा भरती-ओहोटीनं सरकणारं असतं आणि इथे ते उतारावरून दगडांमधून धावत असतं. पॅडल हातात धरायची सवय झाली एवढाच फायदा. उलट कधी कधी खाडीवाले जास्त त्रास देतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला येतं.

कोकणात नेमकं कुठे करता येतं?

बारा महिने म्हणाल तर कुंडलिका, कोलाडजवळ, साजे गावापासून खाली साधारण १२-१४ किलोमीटर. तीच नदी पुढे रोह्यावरून रेवदंड्याला समुद्राला मिळते. कोलाड मुंबई-गोवा हायवेवर आहे, कोकण रेल्वेचं रोह्यानंतरचं पहिलं स्टेशनही तेच, त्यामुळे बोट नसेल तर येणं सोपं.

आता कुंडलिकाच का, तर तिचं पाणी उसनं आहे. मुळशीचं धरण मुळा नदीवर. तसंच सोडून दिलं असतं तर ते पाणी पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. ते डोंगर फोडून घाटाखाली भिऱ्याला आणलं, टर्बाइनवर सोडलं, १९२७ पासून हे चाललंय, आणि वीज काढून झालेलं पाणी कुंडलिकेला मिळतं. म्हणून मे महिन्यात कोकणातल्या बाकीच्या नद्या डोहाडोहात अडकून बसलेल्या असतात तेव्हा आमच्याकडे लाटा असतात. त्या धरणात ज्यांची गावं आणि भातखाचरं जाणार होती त्या मावळातल्या लोकांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. आपल्याला आयतं पाणी मिळतं तेव्हा एवढं माहीत असावं.

कोयनेचंही असंच, वीजघरांतून उतरून चिपळूणकडे वाशिष्ठीत येतं. पण तिथे उतरायच्या आधी मगरींचं उत्तर वाचा. गोव्याच्या बाजूला सत्तरीत म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालतं.

पाणी रोज असतं का? किती वाजता येऊ?

विजेची मागणी असेल तसं. बहुतेक दिवस सकाळी सुटतं, काही तास राहतं, मग ओसरतं. कधी उशिरा, कधी कमी, कधी नाहीच. राफ्टिंगवाल्यांकडे आदल्या दिवशी अंदाज असतो, तो विचारून निघा, मुंबईहून पहाटे चारला निघून येता आणि इथे कोरडे गोटे बघून माझ्यावर चिडता, मी काय करू.

पाणी येतानाचं दृश्य मात्र एकदा तरी बघाच. टपरीखाली पात्रात एक काळा कातळ आहे, आमची सगळ्यांची नजर त्याच्यावर. आधी वरून कचरा येतो, पानं, काटक्या, हमखास एखादी चप्पल. मग गोट्यांचा रंग बदलतो, पांढुरका गोटा ओला होऊन काळा पडतो, आणि आवाज जवळजवळ काहीच नाही. पाचेक मिनिटांत कातळाची कंबर बुडते, अजून थोड्या वेळात डोकं, आणि मग तिथे लाट उभी राहते. टपरीवरून कुणीतरी ओरडतं, "आलं रे!"

आणि म्हणूनच सांगतो, पात्रात खडकावर चादर टाकून डबा उघडून बसू नका. पाणी सांगून येत नाही.

मला पोहता येत नाही. जमेल का?

आधी पोहणं शिका. लाइफ जॅकेट तरंगवतं हे बरोबर, पण तोंडात पाणी गेल्यावर जो घाबरतो त्याला काहीच आठवत नाही, जॅकेट असलं तरी. फार भारी पोहणारा नको, डोहात पंधरा मिनिटं आरामात राहता आलं पाहिजे एवढंच. विहिरीत शिकलेली गावातली पोरं यात शहरातल्या जिमवाल्यांपेक्षा कायम पुढे असतात असा माझा अनुभव आहे.

वाहत्या पाण्यात पडलात तर पाठीवर झोपायचं, पाय पुढे आणि वर, प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे दगड आला तर पायानं ढकलता येतो. आणि उभं राहायचं नाही. गुडघ्याच्या वर धावतं पाणी असेल तर अजिबात नाही. पाय दोन दगडांत अडकला की मागून पाणी तुम्हाला पुढे आडवं पाडतं आणि मग कंबरभर पाण्यातही माणूस बुडतो. सगळ्यांना पहिली बुद्धी उभं राहायचीच होते, ती मोडायला वेळ लागतो.

बोट उलटली तर मी आत अडकणार ना? हीच भीती वाटते.

प्रत्येकाला वाटते. अडकत नाही, पण बाहेर यायची पद्धत आहे आणि ती कोरडी पाठ असली पाहिजे. उलटलात की पुढे वाका, नाक बोटीला टेकेल इतकं, म्हणजे तोंड दगडांपासून वाचतं. तीन वेळा बोटीच्या बुडावर थापा मारा, शेजारी कुणी असेल तर तो आपल्या बोटीचं नाक आणून देतो, ते धरून सरळ होता येतं. नसेल तर स्कर्टच्या पुढच्या पट्टीला धरून पुढे आणि वर ओढा, स्कर्ट सुटतो, हात बोटीच्या कडेवर ठेवून पँट काढल्यासारखे बाहेर या.

आता माझी गोष्ट. पहिला दिवस, संथ डोह, मित्र शेजारी पाण्यात उभा. त्यानं विचारलं तयार? मी म्हटलं हो, त्यानं उलटवलं. खाली सगळं हिरवं, नाकात पाणी, विलक्षण शांत. पट्टी शोधली तर पट्टीच नाही. स्कर्ट लावताना मी ती आत दाबून टाकली होती! हात पुढच्या बाजूनं फिरवतोय आणि नुसतं गुळगुळीत रबर. मग कुणीतरी सांगितलेलं आठवलं, कमरेच्या बाजूला स्कर्टचं कापड मुठीत धरून ओढलं, निघालं. एकूण सात-आठ सेकंद झाले असतील, मित्र म्हणतो चार. तेव्हापासून बोट पाण्यात ढकलायच्या आधी पट्टीला हात लावून बघतो, देवाला नमस्कार करावा तसा. शिकवणाऱ्यानं "पट्टी बाहेर?" असं विचारलं नाही तर दुसरा शिकवणारा बघा.

मग ते बोटीतूनच गर्रकन सरळ होतात ते काय?

तो रोल. कयाक मूळची इनुइट लोकांची, ग्रीनलंड वगैरे बाजूच्या बर्फाळ समुद्रात शिकारीसाठी, सीलच्या कातड्याची. तिथे बोटीतून बाहेर पडलात की थंडीनं खलास, म्हणून आत बसूनच सरळ व्हायची कला त्यांनी काढली. ताकद लागत नाही. कमरेचा झटका लागतो, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर आणायचं. सगळे नेमकं उलटं करतात, श्वासासाठी डोकं आधी उचलतात आणि परत आत जातात.

किती दिवस लागतात? तलावात कुणाला दोन दिवसांत येतो, मला दोन महिने लागले. आणि तलावातला रोल नदीत पहिल्या वेळी येत नाही. कुणाचाच. नाकाला क्लिप लावा, सायनसची कटकट वाचते.

क्लास २, क्लास ३ म्हणतात ते काय? कोलाडला कितवा?

रॅपिडची, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्याची, जगभरची पट्टी, १ ते ६. १ म्हणजे नुसती धार, २ म्हणजे सोप्या लाटा आणि वाट सरळ दिसते, ३ मध्ये लाटा मोठ्या आणि वळून जावं लागतं, ४ ला आधी काठावर उतरून बघितल्याशिवाय जायचं नाही, ५ हयात यात घालवलेल्यांसाठी, ६ म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिका नेहमीच्या पाण्याला २ ते ३. पण तोच रॅपिड कमी पाण्यात एक आणि जास्त पाण्यात दुसरा असतो, आणि राफ्टला ३ वाटणारा नवशिक्या कयाकवाल्याला पुरून उरतो.

पावसाळ्यात आमच्या गावची नदी जबरदस्त वाहते, तिथे चालवू का?

हा प्रश्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज येतो. बहुतेक वेळा उत्तर नाही.

आपल्या नद्या आखूड. सह्याद्रीतून उतरून थोडक्यात खाडीला भेटतात, त्यामुळे वर घाटात ढगफुटीसारखा पाऊस झाला की खाली तासा-दोन तासांत लोंढा येतो, आणि खाली भरती असेल तर पाणी तुंबून गावात शिरतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला काय झालं ते आठवा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून "कालपेक्षा थोडं जास्त आहे" हे वाक्य फसवं असतं.

दुसरं म्हणजे झाडं. पुरात उन्मळलेलं झाड, वाहून आलेला बांबू, साकवात अडकलेल्या फांद्या, कुंपणाची तार, यातून पाणी जातं आणि माणूस अडकतो. चहाची गाळणी बघा, आपण त्यातला चोथा. दगडाला बोट आपटली तर दगडाकडे झुकून सुटता येतं, झाडाला तसं नाही. वहाळ आणि पऱ्ह्यांमध्ये तर दर वळणावर हे. मे महिन्यात कोरड्या पात्रातून चालत जाऊन बघितलेली नदी असेल, सोबत तीन-चार जाणते असतील, पाऊस उतरून पाणी निवळत असेल, तर बोलू. आणि कलेक्टरचा बंदी आदेश असेल त्या दिवशी विषयच संपला.

छोटा बंधारा आहे, तीन-चार फुटांचा. त्यावरून उडी मारली तर? व्हिडिओत लोक धबधब्यावरून मारतात.

नको. हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल. धबधब्याखाली पाणी वेडंवाकडं पडतं आणि कुठून तरी बाहेर जायला वाट असते. बंधारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, त्यामुळे खाली पडलेलं पाणी सगळीकडे सारखंच उलटं फिरून परत भिंतीकडे येतं. तुम्ही त्यात गेलात की वर येता, भिंतीकडे ओढले जाता, खाली जाता, परत वर. पाण्यात हवा मिसळलेली म्हणून जॅकेटही नीट तरंगवत नाही. वरून बघणाऱ्याला फक्त एक गुळगुळीत रेघ दिसते आणि खाली थोडा फेस, आवाजही फार नाही. आम्ही ओळखीच्या रॅपिडवर मस्ती करतो, पण बंधारा दिसला की सगळे गुपचूप काठाला लागून बोटी खांद्यावर घेतो, त्यात कुणी कुणाला हसत नाही.

मगरी आहेत का?

वाशिष्ठीत चिपळूणकडे आहेत, सावित्रीत महाडकडे आहेत, लोक बघायला जातात. त्या संथ डोहात आणि खाडीच्या बाजूला राहतात, खळखळत्या पाण्यात त्यांना रस नसतो. पण रॅपिड संपला की डोहच येतो ना. तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका.

सामानाला किती खर्च येतो?

नवी बोट परदेशात हजार डॉलरच्या वर, मग जहाजाचं भाडं, ड्यूटी. म्हणून आपल्याकडे सगळं सेकंडहँड चालतं, कुणी परदेशी पोरगा सीझन संपवून बोट विकून जातो ती हातोहात फिरते. माझी चौथ्या हाताची आहे, बुडाला दोन ठिकाणी प्लास्टिक वितळवून डाग दिलाय. बोट जुनी चालेल, हेल्मेट आणि जॅकेटमध्ये कंजुषी नको, क्रिकेटचं हेल्मेट चालणार नाही (विचारलंय एकानं). शिवाय थ्रोबॅग, म्हणजे पिशवीत भरलेला तरंगणारा दोर, आणि शिट्टी. पहिलं वर्षभर काहीच विकत घेऊ नका, मागून वापरा, लोक देतात.

एकट्यानं गेलं तर?

नाही. कमीत कमी तिघं, एक अडकला तर दुसरा दोर टाकतो आणि तिसरा मदतीला जातो. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून खुणा ठरलेल्या: पॅडल उभं धरलं म्हणजे या, आडवं धरलं म्हणजे थांबा, डोक्यावर हात ठेवला म्हणजे मी ठीक आहे, तीन शिट्ट्या म्हणजे धावा. आणि हाताचं बोट दाखवायचं ते नेहमी जिकडे जायचंय तिकडे, धोक्याकडे कधीच नाही, कारण घाबरलेला माणूस जिकडे बोट दाखवाल तिकडेच जातो.

तुमची गँग म्हणजे आहे तरी कोण? कामधंदा काही करता का?

करतो की! मी शिफ्टमध्ये, एक जण आंब्याच्या दिवसांत गायब असतो, एक शाळेत शिक्षक, एक ताई फिजिओ आहेत ज्यांनी आमच्या अर्ध्या लोकांचे खांदे जागेवर ठेवलेत. बाकी गाइड लोक, त्यात नेपाळचे आणि ऋषिकेशकडचे भाऊ. त्यांचं वर्ष नद्यांप्रमाणे चालतं, पावसाळ्यात गंगेवर बंद असतं तेव्हा कुणी लडाखला झंस्कारवर, कुणी केरळात. कोझिकोडकडे मलबार रिव्हर फेस्टिव्हल भर पावसात होतो, तिथे जगभरचे कयाकवाले येतात, आमच्यातले दोघं गेले होते आणि परत आल्यावर महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते.

घर म्हणजे गाडी, गादी म्हणजे ओला टॉवेल असं काहींचं चालतं. पण मोकळेढाकळे म्हणजे बेफिकीर नाही. जो रात्री सगळ्यांना हसवतो तोच सकाळी दोर तीनदा तपासतो. आणि पिऊन पाण्यात नाही, यावर भांडण होऊन एकाला आम्ही बोट घेऊन घरी पाठवलंय.

बुटातून बिअर पितात म्हणे, खरंय का?

खरंय, जगभर आहे. जो रोल चुकून बोटीतून बाहेर पडला त्यानं संध्याकाळी स्वतःच्या ओल्या बुटातून प्यायची. आमच्याकडे शिक्षक पीत नाहीत म्हणून सोलकढीची सवलत निघाली. बुटातली सोलकढी बिअरपेक्षा वाईट लागते, दोन्ही घेतल्यात म्हणून सांगतो.

मुलींना जमतं का? ताकद लागत असेल ना?

वर रोलचं वाचा, ताकदीचं काम नाही. बऱ्याच मुली लवकर शिकतात कारण दंडानं ओढून काम भागवायला जात नाहीत. पॅरिस २०२४ ला ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सनं कयाक आणि कनू (यात पॅडलला एकच पातं) दोन्ही स्लालमची, म्हणजे गेटमधून वळत जायच्या शर्यतीची, सुवर्णपदकं घेतली आणि तिच्या बहिणीनं, नोएमीनं, कयाक क्रॉसचं, ज्यात सगळे एकदम सुटतात.

म्हणजे ऑलिंपिकमध्ये आहे हे? भारतात स्पर्धा होतात?

स्लालम १९७२ ला म्युनिकमध्ये आलं, मग थेट १९९२ ला बार्सिलोनात, तेव्हापासून कायम. वरून टांगलेल्या गेटमधून जायचं, काठीला स्पर्श झाला तर २ सेकंद वाढतात, गेट चुकलं तर ५०. आपल्याकडे मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेवर खेलो इंडियाच्या स्लालम शर्यती झाल्यात.

दुखापती काय होतात?

खांदा निखळणं, सगळ्यात जास्त. लाटेवर घाबरून हात डोक्यावर गेला की गेला. कोपरं खाली आणि शरीराजवळ. बाकी खरचटणं.

आणि पावसाळ्यात लेप्टो, कोकणात हे गंमतीचं नाही. उंदरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून शिरतात. नदीवर जाऊन आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर गोळी घेऊन झोपू नका, डॉक्टरांकडे जा आणि "नदीत होतो" हे स्वतःहून सांगा. उघडी जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून फोटो काढा.

नदीवर गावकरी ओरडतात का?

आपण नीट वागलो तर नाही. जाळी लावलेली असेल तर बाजूनं जा, धुणं धुणाऱ्या बायकांसमोर मोबाइल काढू नका, शेताच्या बांधावरून बोट घसटत नेऊ नका. माझं पॅडल एकदा वाहून गेलं ते दोन गावं खाली एका काकांनी गोठ्यात टांगून ठेवलं होतं, आठ दिवस. म्हणाले, कुणाचं तरी असेल, येईल मागायला.

मध्येच पाणी बंद झालं तर?

होतं असं, विशेषतः उशिरा निघालात तर. लाटा बसतात, मग बोटीचं बूड घासायला लागतं, मग तुम्ही गोट्यांवर बसलेले असता. वाट बघू नका, काठ गाठा, आणि खाली गाडीवाल्याला फोन करा, रेंज आली तर. गेल्या शिमग्यानंतर आम्ही तिघं असेच अडकलो आणि वीस-बावीस किलोची बोट एकेकानं खांद्यावर घेऊन भर उन्हात रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर चाललो. वाडीत ओटीवर एक आजोबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी तिन्ही बोटी नीट बघून घेतल्या, मग विचारलं, "टाक्या केवढ्याला दिल्यात?"